जत्रेतला ‘वृंदा-जालंदर’ : पेटी-पखवाजाला दहापैकी दहा, भोंग्याला शून्य

परवा आतेच्या गावच्या जत्रेला दशावतार बघून आलो, म्हटलं लिहून टाकूया. सिनेमाचे रिव्ह्यू सगळेच टाकतात, वेबसिरीजचे पण टाकतात, पण रात्रभर उभं राहून गाणाऱ्या-नाचणाऱ्या माणसांबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही, फार तर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आणि खाली ‘एकच नंबर’. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, पुढे थोडी तक्रार पण आहे आणि सिंधुदुर्गात कोणाचंही नाव घेतलं की तो आपल्या मामाच्या मेव्हण्याचा कोणतरी निघतोच.

गाव वेंगुर्ल्याच्या बाजूचं, देऊळ खाडीपासून चार पावलांवर. तुळशीची लग्नं उरकली की आमच्याकडे जत्रा सुरू होतात त्या पार पावसाच्या तोंडापर्यंत, आणि जत्रा म्हणजे रात्री दशावतार हे ठरलेलंच. ही कंपनी छोटी. दहा-बारा माणसं, एक टेम्पो, तीन पत्र्याच्या ट्रंका, बस. मोठ्या फ्लेक्सवर ‘भव्यदिव्य ट्रिकसीनयुक्त’ असं छापणाऱ्यांतली नाही, पण ह्यांची म्हणून ठरलेली पब्लिक आहे, मालवणहून बाईक काढून येणारी पोरं मी स्वतः बघितली, आणि ती सिनेमाला सुद्धा एवढ्या लांब जाणार नाहीत.

ज्यांनी दशावतार बघितलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, बाकीच्यांनी हा पॅरा सोडा. देवळाच्या सभामंडपात किंवा बाहेर मांडवात एक पडदा लावतात, पुढे एक लाकडी बाकडं. तेच बाकडं सिंहासन, तोच कैलास, तोच रथ. एका बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज, झालं ऑर्केस्ट्रा. आधी आडदशावतार, म्हणजे गणपती येतो, रिद्धी-सिद्धी नाचतात, भटजी येऊन हसवतो, मोरावर बसून सरस्वती, मग ब्रह्मदेव, आणि त्याचे वेद पळवणारा संकासुर, ज्याला शेवटी विष्णू मारतो. त्यानंतर मुख्य आख्यान. पुराणातली एखादी कथा घ्यायची, कोण काय करणार ते रंगपटात, म्हणजे पडद्यामागे तोंड रंगवायच्या जागेत, ठरवायचं आणि स्टेजवर जाऊन बोलायचं. लिहिलेलं स्क्रिप्ट नाही. पुन्हा वाचा, स्क्रिप्ट नाही. चार-पाच तासांचं म्युझिकल आणि त्यातलं एक वाक्य कोणी पाठ केलेलं नाही, गाणी तेवढी बसवलेली, ती पण कुठे घ्यायची ते त्या वेळी ठरतं, नटाने बुवांकडे नुसतं बघायचं आणि बुवा पेटीवर सूर देतात.

जाहिरात रात्री अकराची होती, सुरू झालं दीडला. ह्यात कंपनीची चूक नाही, पालखी देवळात परत आल्याशिवाय नाटक उभं राहत नाही आणि पालखीला घाई करायची सोय नाही. तोपर्यंत दोन प्लेट भजी आणि खाजा खाऊन झाला, आतेने चटई टाकून जागा धरून ठेवलेली, पुढून तिसरी रांग, तिथून पेटीवाल्याची बोटं पण दिसतात. आते चौऱ्याहत्तरची आहे आणि तिला सगळी आख्यानं तोंडपाठ आहेत, त्यामुळे शेजारी बसलं की पुढे काय होणार ते आधीच कळतं, आणि तरी मजा कमी होत नाही.

आडदशावतार हल्ली बऱ्याच ठिकाणी गुंडाळतात, वीस मिनिटांत गणपती ते विष्णू. इथे मात्र नीट केलं. संकासुर भारी होता. काळा झगा, काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी लाल जीभ, आणि बोलतो अस्सल मालवणी, बाकी सगळे देव शुद्ध मराठी बोलतात आणि हा एकटा आपल्यासारखा. वेद खय ठेयलंस म्हणून विचारल्यावर म्हणतो, “हायवेच्या खड्ड्यात टाकलंय. थंय कोण बघूक येणा नाय.” अख्खा मांडव फुटला. हा जोक उद्या दुसऱ्या गावात दुसऱ्याच कशावर असेल, ह्या गावात ग्रामपंचायतीच्या नळावरून पण एक झाला, तो इथे लिहिण्यासारखा नाही आणि सरपंच पुढच्याच खुर्चीत होते, ते पण हसत होते, काय करणार.

मग आख्यान, वृंदा-जालंदर. तुळशीच्या लग्नानंतरच्या जत्रेला हे आख्यान लावायचं म्हणजे बरोबर जागेवर हात घातला. कथा सगळ्यांना माहीत आहे, जालंदर दैत्य खरा पण समुद्राचा मुलगा, त्याची बायको वृंदा महापतिव्रता, तिच्या पुण्याईमुळे तो शंकराला पण हरत नाही, म्हणून विष्णू जालंदराचं रूप घेऊन तिच्याकडे जातो आणि तिला फसवतो. ती पुण्याई संपली की जालंदर मरतो. वृंदेला कळतं तेव्हा ती खुद्द विष्णूला शाप देते, तू दगड होशील. तो झाला शाळिग्राम, ती झाली तुळस. आपण दर वर्षी अंगणात जे लग्न लावतो त्याच्या मागे एवढी मोठी फसवणूक आहे हे लहानपणी कोणी सांगत नाही, ते दशावतारातच कळतं.

आणि बघा, किनाऱ्यावरच्या गावात हे आख्यान लागलं की पब्लिक सरळ जालंदराच्या बाजूने असते. दर्याचो झील म्हणजे आपलाच पोरगा ना. देव देवळात दहा फुटांवर बसलाय आणि मांडवातले सगळे मनातून दैत्याला सपोर्ट करतायत, हे मला कायम मजेशीर वाटत आलंय.

आता मुद्द्याचं, ती वृंदा. बावीस-तेवीसचा पोरगा. रामदासांनी दासबोधात लिहून ठेवलंय की दशावतारी खेळात सुंदर नारी येतात, डोळे मोडतात, पण ते सगळे असतात धटिंगण. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी पण लोक असेच फसत होते. ह्या पोराने नऊवारी, अंबाडा, नथ सगळं व्यवस्थित केलेलं पण खरी गंमत त्याच्या चालण्यात होती, कुठेही लचकणं मुरडणं नाही, घरातली मोठी सून जशी अंगणातून आत जाते तसा चालत होता. स्त्रीपार्ट करणारे बरेच जण आवाज चोरून पातळ काढतात, हा आपल्याच आवाजात गात होता, फक्त वरच्या पट्टीत, आणि वर गेल्यावर आवाज फाटत नव्हता.

ज्या सीनसाठी मी हे सगळं लिहायला बसलो तो सांगतो. विष्णू जालंदराच्या रूपात येतो. कंपनीने हे साधंच केलेलं, जालंदर करणाराच नट पुन्हा आला, फक्त खांद्यावर पिवळा शेला, म्हणजे प्रेक्षकाला कळलं, वृंदेला कळलेलं नाही. ती आरती ओवाळते, पाय धुते, आणि पाय धुताना थांबते. वर बघते आणि म्हणते, “प्राणनाथ, आपण सागरपुत्र. मग आज आपल्या अंगाला खाऱ्या पाण्याचा गंध कसा नाही?”

मांडव गप्प. समोरचा नट पण गप्प, आणि ते गप्प होणं अभिनयाचं नव्हतं, त्याला हे अपेक्षितच नव्हतं, दोन-तीन सेकंद त्याचा चेहरा सरळ कोरा झाला. तेवढ्यात पखवाजवाल्याने काय करावं? हळूच एक तुकडा वाजवला, चार-पाच मात्रांचा असेल नसेल, जणू हा विचार करतोय म्हणून मुद्दाम वाजवलाय असा, आणि त्या तुकड्याच्या समेवर ह्याला उत्तर सापडलं, “प्रिये, रणांगणातून येतोय. एवढ्या रक्ताच्या गंधापुढे खारं पाणी कुठे उरायचं?” टाळ्या. पण वृंदा तरी लगेच सोडते का, ती तसंच तोंडाकडे बघत राहिली, मग मान खाली घालून पुन्हा पाय धुवायला लागली, आणि पेटीवर बुवांनी पुढच्या पदाचा सूर धरला. आता बोला, हे कुठल्या तालमीत बसवणार? माझ्या मागे एक जण मोबाईलवर शूट करत होता त्याने पण मोबाईल खाली ठेवला.

पुढे शाप. तिथे त्याने बोलणं फार कमी ठेवलं हे मला आवडलं, बरेच नट इथे वीस मिनिटं ओरडतात. ह्याने विष्णूला तीनच प्रश्न विचारले आणि मग गाणं. आणि गाणं ऐन रंगात असताना, बरोबर तिथे, कमिटीवाल्यांचा माइक चालू झाला. “वृंदेच्या भूमिकेसाठी अमुक अमुक यांजकडून दोनशे एक रुपये बक्षीस, कंपनी आभारी आहे.” एक नाही, ओळीने चार बक्षिसं. वृंदा शाप द्यायला हात वर केलेली तशीच हात जोडून उभी. बक्षीस द्या हो, द्यायलाच पाहिजे, ते पैसे त्या पोरांच्या खिशात जातात, मी पण शंभर दिले, पण पद संपेपर्यंत कळ काढायला काय जातं? पेटीवाल्या बुवांना मात्र मानलं, त्यांनी त्या चारही बक्षिसांच्या वेळी सूर सोडला नाही, बारीक धरून ठेवला, आणि पोराने जिथे तोडलेलं त्याच अक्षरावर परत उचललं. आते पदराने डोळे पुसत म्हणाली, “मेल्यान रडयल्यान माका.” ह्याच्या वर सर्टिफिकेट नाही.

आता तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी, साउंड. साउंडवाला कंपनीचा नव्हता, कमिटीने ठरवलेला, नाव घेत नाही, पण बाबा रे, मांडवात साडेतीनशे माणसं बसलेली, तिथे लग्नाच्या वरातीचे बॉक्स कशाला? वर इको लावून ठेवलेला, प्रत्येक शब्द तीनदा. ‘प्राणनाथ-नाथ-नाथ’. पखवाजाची थाप नुसती ढुम्म अशी यायची, उजव्या बाजूच्या शाईवरचं बोट आणि डाव्या बाजूच्या धुमेची थाप ह्यातला फरक पार गेला. मध्ये माइक किंचाळला तेव्हा आतेने बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं, “तो भोंगो कमी कर रे मेल्या, देवाक पण कान आसत!” त्याने दहा मिनिटं कमी केला, मग परत जैसे थे. मी तीन वाजता उठून मुद्दाम पेटीच्या बाजूला, बॉक्सच्या मागे जाऊन बसलो आणि तिथे नुसता आवाज, विना भोंग्याचा, काय सुंदर लागत होता. वृंदेच्या त्या सीनला मी तिथेच होतो हे नशीब.

दुसरी तक्रार, शंकर-जालंदर युद्ध. फार लांबलं. गिरकी, तलवार, गिरकी, तलवार, पखवाजवाला घामाघूम. शंकर करणारे नट वयस्कर, साठी ओलांडलेले दिसत होते, गुडघा दुखत असणार कारण बसताना बाकड्याला हात लावत होते, पण बोलायला लागले की तिन्ही लोक हलवतील असा आवाज. त्यांना नाचवायची गरज नव्हती, त्यांना बोलवायला पाहिजे होतं. आणि जालंदराला सांगणं आहे, आवाज चांगला आहे, पण प्रत्येक वाक्य वरच्या सुरात सुरू केलंस तर चिडायला जागा कुठे उरणार? एका पदाला सरळ हिंदी सिनेमाची चाल लावलेली, पोरांनी शिट्ट्या मारल्या, मला नाही आवडलं. वयाचा दोष असेल.

ट्रिकसीन एकच होता, जालंदराचं मुंडकं उडतं तो. थर्माकोलचं मुंडकं, लाल लाइट आणि धुराचं मशीन. धूर एवढा झाला की पुढे बसलेली लहान मुलं खोकायला लागली आणि मुंडकं नेमकं कधी उडालं ते कोणालाच दिसलं नाही. कंपनीला हाताशी पैसा नसताना हे कशाला करायचं असं वाटलं, पण नंतर कळलं की कमिटीनेच सांगितलेलं, एकतरी ट्रिकसीन पाहिजे म्हणून.

इथून ह्या सगळ्याचं पुढे काय होणार हा विषय निघतोच. आमच्याकडे चहाच्या टपरीवर दोन पार्ट्या आहेत, एक म्हणते ट्रिकसीनने दशावतार मारला, दुसरी म्हणते ट्रिकसीनमुळेच पोरं बघायला येतात. मला दोन्ही पटत नाहीत. उडणारा गरुड, तोंडातून आग काढणारा राक्षस बघायला गर्दी होते हे खरं आहे, मी पण बघतो, त्यात वाईट काही नाही. पण त्या सीनची सेटिंग करायला पडदा पडतो, मध्ये पाच-पाच मिनिटं जातात, मागे मशीनवाला तयार झाला की नटाने बोलणं आवरायचं, आणि मग खाऱ्या पाण्याच्या वासाचा प्रश्न विचारायला वेळच नाही. नट मशीनच्या टायमिंगवर चालायला लागला की बुवांकडे कोण बघणार.

प्रेक्षक संपतील ही भीती मला बिलकुल नाही. जत्रेला तिकीट नाही त्यामुळे फ्लॉप पण नाही. नाटक देवासाठी असतं, जुन्या कंपन्यांच्या जत्रा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या, पाऊस पडला, चार माणसं उरली तरी दहीकाल्यापर्यंत करावंच लागतं. मुंबई-पुण्याच्या संगीत नाटकाला बुकिंग नाही म्हणून प्रयोग रद्द करायची पाळी येते, इथे तो प्रश्नच नाही. कोरोनात मात्र जत्राच बंद झाल्या तेव्हा ह्या लोकांचं काय झालं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय, चांगले चांगले राजे महाराजे मोलमजुरीला गेले. २०२२ मध्ये दशावतारातले गाजलेले नट, लोकराजा सुधीर कलिंगण गेले तेव्हा सगळे म्हणाले आता संपलं, संपलं नाही, पण त्यांच्यासाठी म्हणून जो माणूस गाडी करून जायचा तो आता कोणासाठी जातो ते विचारा. २०२५ मध्ये दिलीप प्रभावळकरांचा ‘दशावतार’ सिनेमा आला, छान चालला, मुंबईचे मित्र फोन करून विचारायला लागले, जत्रा कधी, राहायची सोय काय. आनंद आहे. पण सिनेमा बघून आलेला पाहुणा रात्री अकराला येतो, साडेबाराला कंटाळतो आणि गणपती येण्याआधीच झोपायला जातो.

खरी अडचण गर्दीत नाही, त्या पेटी-पखवाजाच्या कोपऱ्यात आहे. नट व्हायला पोरं तयार आहेत, मुकुट घालून फोटो टाकता येतो, व्ह्यूज येतात. पखवाज शिकायला कोण बसणार? सहा-सहा तास मांडी घालून, नटाच्या चेहऱ्याकडे बघत, त्याला काय सुचतंय काय नाही ते त्याच्या आधी ओळखायचं, आणि पोस्टरवर नाव सगळ्यात खाली बारीक अक्षरात. ह्या कंपनीचा पखवाजवाला दिवसा रिक्षा चालवतो आणि सीझनमध्ये दोन कंपन्यांत वाजवतो. त्याची नाईट चुकली की त्या दिवशी कोणीतरी भजनातला पोरगा आणून बसवतात, तो ताल बरोबर धरेल, पण अडकलेल्या जालंदराला तुकडा देऊन सोडवेल का? नाही सोडवणार, कारण त्याला कोणी शिकवलेलंच नाही. खाली कर्नाटकात उडुपीला यक्षगान, म्हणजे तिकडचं असंच रात्रभर चालणारं लोकनाट्य, शिकवायचं केंद्र आहे, पोरं तिथे राहून नाच शिकतात, चेंडे-मद्दळे वाजवायला शिकतात. आपल्याकडे सगळं बघून बघून शिकायचं. म्हातारपणी कलावंत मानधनाचा फॉर्म भरता येतो, पण विशीतल्या पखवाजवाल्याला उभं करायला काय आहे? कोणी पैसेवाला चाकरमानी हे वाचत असेल तर देवळाला आणखी एक घंटा देण्यापेक्षा एका पोराची दोन वर्षांची शिकवणी द्या, देव रागावणार नाही.

आणि हो, बंद नाट्यगृहातले दोन तासांचे कापलेले प्रयोग. मी एक बघितलाय. एसी, खुर्च्या, साउंड उत्तम, सगळं वेळेत, आणि तरी मजा नाही आली, कारण नटाला समोर काळोख दिसत होता. त्याला आते दिसली पाहिजे. शहरात दाखवायचंच असेल तर प्रेक्षागृहातले लाइट चालू ठेवा आणि लोकांना चहा आत न्यायला द्या.

पहाटे साडेपाचच्या सुमाराला शाप, तुळस, शाळिग्राम सगळं झालं, बुवांनी भैरवी घेतली, मग दहीकाला. हंडी फुटली, दह्याचे चार थेंब माझ्या शर्टावर, आतेने ते पुसू दिले नाहीत. आरतीचं ताट फिरलं. बाहेर आलो तर उजाडलेलं आणि खाडीला भरती, वारा आतल्या बाजूला.

टपरीवर वृंदा चहा पीत होती, म्हणजे तो पोरगा, ट्रॅकपँट आणि टी-शर्ट, डोळ्यांत काजळ तसंच, कपाळावर कुंकू अर्धं पुसलेलं. पेट्रोल पंपावर कामाला आहे म्हणाला, आठची ड्युटी. मी विचारलं, तो खाऱ्या पाण्याचा प्रश्न आधी ठरवलेला काय रे? तर हसला. “नाय ओ दादा. खाडीवरसून वास येय होतो, तोच घेतलंय.” जालंदर बाजूलाच उभा होता, तो म्हणाला, “माझी पुरी वाट लावल्यान ह्यान,” आणि त्याच्याच ग्लासातला उरलेला चहा पिऊन टाकला.

आज रात्री खय म्हणून विचारलं. “शिरोड्याक. येवा.”

शिरोड्याला आख्यान वेगळं आहे. मी जातोय, चटई घेऊन, पेटीच्या बाजूला. बॉक्सच्या मागे अजून दोघांपुरती जागा असते.